धोब्याची खूण: बिब्ब्याच्या रसापासून त्वचेच्या स्मृतीपर्यंत

पीएच.डी.च्या काळात अतिशीत तापमानावरील मोजमापांसाठी मी शेकडो नमुने तांब्याच्या पट्ट्यांवर इपॉक्सीने चिकटवले. दोन नळ्यांतले दोन द्रव काचेच्या तुकड्यावर काडीने कालवायचे, त्यातला एक ठिपका पट्टीवर ठेवायचा, त्यावर नमुना बसवायचा आणि रात्रभर सुकू द्यायचे, असा तो क्रम. दोन वर्षे काहीही झाले नाही. तिसऱ्या वर्षी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली, मनगटावर बारीक पाणीदार फोड उठले आणि एका सकाळी पापण्या सुजून आल्या. मी साबण बदलला, खानावळ बदलली, उशीचा अभ्रा बदलला. इपॉक्सीचा संशय एकदाही आला नाही, कारण ती माझ्या सर्वांत जुन्या परिचयाची वस्तू होती.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्या पाठीवर लहान लहान चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक चकतीत एकेक रसायन अत्यल्प प्रमाणात होते. दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या. चौथ्या दिवशी पाठीवर एकाच जागी लालसर, फुगीर, खाजरा चट्टा उमटला होता. ती जागा इपॉक्सीची होती. मी विचारले, "पण इतके दिवस काहीच कसे झाले नाही?" त्या म्हणाल्या, "या आजारात बहुतेक रुग्ण हाच प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नामुळेच खरे कारण सापडत नाही."

या प्रश्नाचे उत्तर मी पुढे जुन्या शोधनिबंधांत शोधले, आणि ते शोधताना वाट अनपेक्षितपणे आपल्याच माजघरात येऊन पोहोचली. त्वचेला एखाद्या रसायनाची कायमची ओळख कशी होते, या शोधाच्या इतिहासात एक भारतीय फळ आणि एक भारतीय व्यवसाय यांना मोठे स्थान आहे. ते फळ बिब्ब्याचे आणि तो व्यवसाय धोब्याचा.

बिब्बा मराठी वाचकाला नवा नाही. टणक, काळा, हृदयाच्या आकाराचा. आतली गोडंबी डिंकाच्या लाडवांत घालतात. वरच्या टरफलातले तेल भेगाळलेल्या टाचांना आणि मुरगळलेल्या पायाला लावण्याचा प्रघात अनेक घरांत होता. माझी आजी सुईच्या टोकावर बिब्बा धरून समईच्या ज्योतीवर तापवी आणि सुटलेला थेंब नेमका भेगेत सोडी. हे करताना ती आम्हा मुलांना हातभर लांब बसवी, कारण बिब्बा 'उततो' हे तिला ठाऊक होते. लावलेल्या जागी आणि आसपास फोड येऊन सूज पसरणे याला मराठीत बिब्बा उतणे म्हणतात. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, तर त्याने 'बिब्बा घातला' असे आपण आजही म्हणतो. गोड गोडंबीभोवती असे तापट टरफल असणारे हे फळ भाषेत शिरले ते त्याच्या दाहक गुणामुळेच.

संस्कृतात याचे प्रसिद्ध नाव भल्लातक. पण त्याचे दुसरे एक नाव मला अधिक बोलके वाटते: अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या अध्यायात भल्लातकाचे अनेक प्रयोग दिले आहेत आणि ते देतानाच ही द्रव्ये अग्नीसारखी तीक्ष्ण आहेत, असेही बजावले आहे. भल्लातक हाच शब्द फारसी-अरबीत 'बलाधुर' झाला. बुद्धी तल्लख करणारे औषध म्हणून त्याची ख्याती इतकी दूर पोहोचली, की नवव्या शतकातील बगदादच्या एका मोठ्या इतिहासकाराचे नावच अल-बलाधुरी पडले. हे फळ अतिप्रमाणात घेतल्याने वेड लागल्याची कथा त्या नावाला चिकटलेली आहे. ते त्याने स्वतः घेतले की त्याच्या आजोबांनी, याबद्दल मात्र मतभेद आहेत. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता याने या फळावर एक स्वतंत्र संवाद लिहिला. युरोपातले औषधविक्रेते त्याला हृदयाच्या आकारावरून 'अनाकार्डियम' म्हणत. पुढे लिनियसने ते नाव अमेरिकेतून आलेल्या काजूला दिले आणि बिब्बा शास्त्रीय परिभाषेत 'सेमेकार्पस अनाकार्डियम' झाला. सेमेकार्पस म्हणजे खूण करण्याचे फळ.

खूण कोणती, ते भारतात कोणालाही सांगावे लागत नसे. शेकडो घरांचे कपडे एकाच भट्टीत उकळणाऱ्या धोब्यापुढे एक साधा पण अवघड प्रश्न असे: कोणता सदरा कोणाचा? त्याला अशी शाई हवी होती, जी सोड्यात उकळून, दगडावर आपटून आणि उन्हात वाळवूनही जाणार नाही. बिब्ब्याचे टरफल टोचून निघालेला तपकिरी रस सुईच्या किंवा काडीच्या टोकाने कापडावर लावायचा आणि त्यावर चुना द्यायचा, की खूण काळीभोर होऊन कापड फाटेपर्यंत टिके. ठिपके, रेघा, फुल्या यांच्या जुळणीतून प्रत्येक घराची एक ओळख ठरे आणि ती सारी धोब्याच्या स्मरणात असे. कागदावर काही न लिहिता शेकडो गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याची ही पद्धत होती.

आता त्याच काळातले दुसरे एक नाव पाहा. जांघेतल्या गजकर्णाला वसाहतीतील इंग्रज 'धोबी इच' म्हणत. उष्ण, दमट हवेत घट्ट कपडे घालून घामाने निथळणाऱ्या साहेबाला बुरशीचा संसर्ग होई आणि दोष जाई कपडे धुणाऱ्याच्या माथी. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशी ओळखली गेली होती, तरी नाव मात्र राहिले. विपर्यास असा, की धोब्याच्या कामातून खरोखर उद्भवणारा एक त्वचाविकार होता, पण तो बुरशीचा नव्हता. त्याचे कारण खुणेच्या शाईत होते, आणि ते समजण्यासाठी आधी एक मूलभूत कोडे सुटणे आवश्यक होते.

ते कोडे असे. आम्ल हातावर सांडले तर ते प्रत्येकाला भाजते आणि पहिल्याच वेळी भाजते. जितके जास्त आम्ल, तितकी मोठी जखम. हा सरळ रासायनिक हिशेब आहे. पण काही पदार्थ असे असतात, की ते दहा जणांनी हाताळले तर एखाद्यालाच त्रास होतो. तोही पहिल्या वेळी होत नाही, आणि एकदा होऊ लागला की नखाएवढ्या मात्रेनेही होतो. शिवाय स्पर्शानंतर लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी होतो. बिब्ब्याचा दाट रस पहिल्या प्रकारे भाजू शकतोच. पण कापडावर वाळलेल्या, कित्येकदा धुतलेल्या खुणेतल्या लेशमात्र रसाने फोड येतात, ते या दुसऱ्या प्रकाराने.

१८९५ मध्ये जर्मन त्वचावैद्य योसेफ याडासोन याने पाऱ्याच्या औषधाने चट्टे उठलेल्या रुग्णांच्या निरोगी त्वचेवर तेच औषध लावून तेथेही दाह उठतो, हे दाखवले. माझ्या पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्यांचा आरंभ तो. या प्रयोगातून एक गोष्ट सिद्ध झाली: दोष केवळ औषधात नाही, त्या विशिष्ट माणसाच्या शरीरात काही बदल घडलेला आहे. तो बदल कशाचा, हे सांगण्याइतके ज्ञान तेव्हा कोणाजवळच नव्हते.

यानंतर एक महत्त्वाचे पाऊल दिल्लीत पडले. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी हे रसायनशास्त्रज्ञ देशी औषधींचे पृथक्करण करत होते. सर्पगंधेतून अजमलीन हे द्रव्य वेगळे करण्याचे त्यांचे कार्य सुप्रसिद्ध आहे. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, पी. पी. पिल्लै आणि सिद्दिकी यांनी बिब्ब्याच्या रासायनिक परीक्षणावरील निबंध भारतीय केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रसातील फिनॉलवर्गीय द्रव्याला त्यांनी नाव दिले ते भिलावनॉल. चरकाचा भल्लातक, हिंदीतला भिलावा आणि आधुनिक रसायनशास्त्र ही तिन्ही त्या एका शब्दात एकत्र आली.

दाह उठवणारे द्रव्य हाती आले, तरी ते शरीरात नेमके काय करते हे कळायचे होते. त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतून आले. रक्तगटांच्या शोधासाठी १९३० चे नोबेल मिळवणारे कार्ल लँडस्टाइनर तेथे रेणूंच्या ओळखीच्या प्रश्नावर काम करत होते. मोठ्या प्रथिनावर बसवला तरच प्रतिकारयंत्रणेला दिसणाऱ्या लहान रेणूला त्यांनी 'हॅप्टेन' हे नाव पूर्वीच दिले होते. १९३५ मध्ये त्यांनी आणि जॉन जेकब्स यांनी गिनीपिगांच्या त्वचेवर क्लोरीनयुक्त नायट्रोबेंझिनांची एक मालिकाच तपासली. ज्या रेणूंतील अणू सैल होता आणि सहज निघून त्या जागी दुसरा गट बसू शकत होता, त्याच रेणूंनी प्राणी संवेदनशील झाले. ज्यांतील अणू घट्ट होता, त्यांचा काहीच परिणाम झाला नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला या निष्कर्षाचे सौंदर्य चटकन जाणवते. विकार 'कोणत्या' पदार्थाने होईल याचे भाकीत पदार्थाच्या नावावरून, रंगावरून वा विषारीपणावरून करता येत नाही. तो पदार्थ त्वचेतल्या प्रथिनांशी सहसंयुज बंध जोडू शकतो का, एवढे पाहावे लागते. लहान रेणू एकटा असताना प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. तो आपल्याच प्रथिनाला चिकटला, की ते प्रथिन परके दिसू लागते.

पुढचा प्रयोग १९४२ चा. लँडस्टाइनर आणि मेरिल चेस यांनी संवेदनशील झालेल्या गिनीपिगाच्या उदरपोकळीतल्या पेशी दुसऱ्या, रसायनाला कधीही न शिवलेल्या प्राण्याला दिल्या. तो दुसरा प्राणीही संवेदनशील झाला. रक्तद्रव देऊन मात्र हे साधत नव्हते. म्हणजे ही स्मृती रक्तात विरघळलेल्या प्रतिपिंडांत नसून जिवंत पेशींत होती. या पेशींना टी-पेशी हे नाव मिळायला आणखी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. पण स्मृतीचा पत्ता सापडला होता.

हे चालू असताना दुसरे महायुद्ध भारताच्या पूर्व सीमेवर येऊन ठेपले होते. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशाकडे रस्ता काढण्यासाठी अमेरिकी सैन्य मोठ्या संख्येने भारतात आले आणि त्यांचे गणवेश भारतीय धोब्यांकडे धुण्यास जाऊ लागले. थोड्याच काळात लष्करी डॉक्टरांकडे एक चमत्कारिक पुरळ येऊ लागले. मानेच्या मागे, कॉलर टेकते तेथे एक चट्टा. कमरेवर, विजारीचा पट्टा बसतो तेथे दुसरा. लालसर, पाणी सुटलेला, अतिशय खाजरा. कपडा उलटा करून पाहिल्यावर त्या जागेच्या बरोबर समोर काळी खूण दिसे. लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तीन लष्करी वैद्यांनी १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विकाराचे वर्णन केले आणि त्याला 'धोबी मार्क डर्माटायटिस' असे नाव दिले. त्याच वर्षी जूनमध्ये लँडस्टाइनर निवर्तले. पेशींतल्या स्मृतीचा त्यांचा निबंध आणि त्या स्मृतीचे हे लष्करी उदाहरण यांत जेमतेम वर्षाचे अंतर होते.

पण भारतात नुकतेच उतरलेले सैनिक बिब्ब्याला इतक्या लवकर संवेदनशील कसे झाले? आधी ओळख झाल्याशिवाय हा विकार होत नाही, असे तर वर म्हटले. याचे उत्तर १९४५ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मेसन यांच्या निबंधातून स्पष्ट होते. पॉयझन आयव्ही या अमेरिकेतल्या कुप्रसिद्ध वेलीच्या दाहक द्रव्यांवरील त्यांच्या निबंधमालेत एक निबंध भिलावनॉलच्या संरचनेवर होता. वेलीतले उरुशिऑल आणि बिब्ब्यातले भिलावनॉल हे जवळपास जुळे रेणू निघाले: दोन शेजारी हायड्रॉक्सिल गट असलेले एक वलय आणि त्याला जोडलेली पंधरा कार्बनांची शेपटी. ज्याच्या त्वचेने लहानपणी रानात खेळताना त्या वेलीची ओळख करून घेतली होती, त्याच्या टी-पेशींना आसामातल्या गणवेशावर जुनाच शत्रू दिसणे स्वाभाविक होते. सैनिकाने भारतात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या शरीरात बिब्ब्याची ओळख तयार झालेली असू शकत होती. आंबा, काजू, बिब्बा, पॉयझन आयव्ही आणि जपानी लाखेचे झाड ही सारी एकाच कुळातली आहेत. काहींना आंब्याच्या चिकाने ओठांभोवती पुरळ येते, ते याच नात्यामुळे.

आज या घटनाक्रमाचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भिलावनॉलचा रेणुभार सुमारे ३१६ आहे. साधारण ५०० पेक्षा कमी रेणुभाराचे पदार्थच त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरू शकतात. त्यातून या रेणूची लांब शेपटी स्निग्ध असल्याने त्वचेतल्या मेदात तो सहज मिसळतो. आत गेल्यावर वलयातील दोन हायड्रॉक्सिल गटांचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनतो. बिब्ब्याची शाई हवेत काळी पडते, तीही ऑक्सिडीकरणामुळेच. हा क्विनोन प्रथिनांतल्या गंधक आणि नायट्रोजनयुक्त गटांना घट्ट धरतो. त्वचेत लँगरहान्स पेशींचे एक जाळे पसरलेले असते. पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच त्यांचे वर्णन केले, पण त्यांना तो चेतापेशी समजला होता. या आणि त्यांच्या शेजारच्या पेशी बदललेल्या प्रथिनाचे तुकडे उचलून लसिकाग्रंथीत नेतात. तेथे ते तुकडे ओळखू शकणाऱ्या मोजक्या टी-पेशी निवडल्या जातात आणि त्यांची संख्या वाढते. याला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि या काळात बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या स्पर्शाला मात्र तयार सैन्य एक-दोन दिवसांत त्या जागी पोहोचते. फोड, सूज आणि खाज ही रसायनाने केलेली इजा नसते, ती आपल्याच पेशींची कारवाई असते.

इपॉक्सीच्या सर्वांत लहान घटकाचा रेणुभार ३४० आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्रथिनाशी बंध जोडणारी वलये आहेत. माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. त्या दोन वर्षांत माझी त्वचा स्वस्थ बसलेली नव्हती. प्रत्येक निष्काळजी स्पर्श ही ओळख घडण्याची एक संधी होती, आणि त्यांपैकी एका दिवशी ती ओळख पक्की झाली. 'आजवर काही झाले नाही' हा निर्धोकपणाचा पुरावा नसतो.

हा इतिहास वाचताना मला एक उणीव सतत जाणवत राहिली. १९४३ च्या निबंधाचा विषय होता खूण अंगावर वागवणारा सैनिक. ती खूण रोज शेकडो वेळा करणाऱ्या हातांचे काय होत होते, हा त्याचा विषय नव्हता. ज्या जातीच्या नावाने दोन त्वचारोग ओळखले गेले, तिच्या लोकांच्या स्वतःच्या त्वचेचा या कथेत उल्लेख नाही. व्यवसायजन्य विकारांच्या इतिहासात असे वारंवार घडते. कारण शोधले जाते ते डॉक्टरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या रुग्णासाठी.

स्वातंत्र्योत्तर भारतातील त्वचावैद्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. १९५६ मध्ये पुण्यातून भारतासाठी नवी वनस्पती म्हणून नोंदवले गेलेले गाजरगवत पाहता पाहता देशभर पसरले. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी त्याच्यामुळे होणाऱ्या स्पर्शजन्य त्वचादाहावर निबंध लिहिला. त्यातले पार्थेनिन हे द्रव्यही प्रथिनांतल्या गंधकाशी बंध जोडते, आणि वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने उडत असल्याने चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची खोबण या उघड्या जागा पेटून उठतात. शेतात राबणाऱ्या माणसाला हा विकार झाला, तर त्याला सोडून जाता येईल असे दुसरे ठिकाण नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जे. एस. पसरिचा यांनी आपल्या लोकांच्या वापरातल्या वस्तू घेऊन पट्टीचाचणी रुजवली. अलाहाबादच्या ए. के. बजाज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आणली. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या द्रव्यामुळे कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग पडतो, कारण ते रंगपेशींना मारते.

या शेवटच्या शोधाचे मोल केवळ वैद्यकीय नाही. आपल्या समाजात कपाळावर पांढरा डाग पडला की 'कोड' हा शब्द कुजबुजला जातो, आणि त्या एका शब्दाने ठरलेली लग्ने मोडतात. तो डाग वंशातून आलेला नसून बाजारातून आणलेल्या गोंदाचा आहे, हे सांगता येणे म्हणजे एका स्त्रीवरचा खोटा आरोप पुसणे होय. 'धोबी इच' या नावातही दोष असाच चुकीच्या माणसाकडे गेला होता. त्वचेवरची खूण सर्वांना दिसते, म्हणून तिचे कारणही आपल्याला दिसते असा भ्रम फार लवकर होतो.

तो भ्रम आजही चालू आहे, केवळ त्याचे रूप बदलले आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले, स्टेरॉइड आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेले मलम आपल्याकडे प्रत्येक खाजेवर चोळले जाते. बुरशी असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती दबते आणि अधिक पसरते. स्पर्शजन्य दाह असेल तर स्टेरॉइडने तो शमतो, पण कारण हाताळणे चालूच राहिल्याने पुन्हा उठतो. म्हणजे दोन्ही वेळा रुग्णाला वाटते की मलम लागू पडत आहे, आणि दोन्ही वेळा निदान लांबते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षे याविरुद्ध सांगत आहेत.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. बिब्ब्याचे तेल त्वचेवर लावण्याचा घरगुती उपाय सोडून द्यावा. आजीच्या हाताचा सराव आपल्याला नाही, आणि बिब्बा कोणाला उतेल हे आधी सांगता येत नाही. केसांचा कलप आणि लग्नसराईतली झटपट रंगणारी 'काळी मेंदी' यांत पॅरा-फिनिलीनडायअमिन हे रसायन असू शकते, आणि तेही याच मार्गाने काम करते. पुरळ एखाद्या वस्तूच्या आकाराचे असेल, घड्याळाच्या बकलाखाली, पैंजणाखाली वा टिकलीखाली असेल, तर ती वस्तू घेऊनच डॉक्टरांकडे जावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इपॉक्सी, ॲक्रिलेट आणि सोल्डरिंगचा राळयुक्त फ्लक्स यांना पहिल्या दिवसापासूनच उघड्या हाताने शिवू नये. पातळ लॅटेक्सचे हातमोजे इपॉक्सीपासून पुरेसे संरक्षण देत नाहीत. नायट्राइलचे वापरावेत आणि माखले की लगेच बदलावेत. या विकारावर औषधाने पुरळ बरे करता येते, पण पेशींची स्मृती पुसता येत नाही. ती घडू न देणे एवढेच आपल्या हाती असते.

मी आता इपॉक्सी वापरत नाही. नमुने बसवण्यासाठी दुसरे मार्ग शोधले, त्यात सहा महिने गेले आणि एक प्रयोग अर्धवट राहिला. प्रयोगशाळेत इपॉक्सीच्या कपाटावर मी हातमोज्यांचा खोका ठेवला आहे. दरवर्षी येणारा एखादा नवा विद्यार्थी काडीने द्रव कालवताना मला सांगतो, "मॅडम, मी कॉलेजपासून वापरतोय, मला काही होत नाही." मी त्याला खोका देते, आणि वेळ असेल तर धोब्याच्या खुणेची ही गोष्ट सांगते.